परदेशी वर्गमित्रांना घेऊन नागावला: शुक्रवारी ठरवून शनिवारी निघायचं असेल तर

मुंबईत शिकायला आलेले परदेशी विद्यार्थी आणि त्यांचे इथले मित्र यांचं समुद्रावर जायचं बहुतेक वेळा शुक्रवारी, कँटीनमध्ये बसल्या बसल्या ठरतं. त्यात काही वावगं नाही. बिघडतं ते पुढे, आणि फिरून फिरून त्याच जागी बिघडतं. होमस्टेच्या दारात "आम्ही परदेशी पाहुणे घेत नाही" हे ऐकावं लागतं. किनाऱ्यावर पोचावं तर पाणी लांब मागे गेलेलं असतं आणि पोरं त्याच्यामागे धावत सुटतात. रविवारी संध्याकाळी मांडव्याच्या धक्क्यावर यावं तर मुंबईची शेवटची बोट निघून गेलेली असते.

तिन्हीचं मूळ एकच आहे: कामांचा क्रम चुकतो. आधी बोट बघतात, मग खोली, आणि भरती-ओहोटीची चौकशी थेट वाळूत उभं राहून. हा क्रम उलटा करा. आधी भरती-ओहोटी, मग खोली, मग बोट. शुक्रवारी रात्री दोन तास बसून ही तीन कामं या क्रमाने उरकली, तर शनिवार-रविवारी विशेष काही बघावं लागत नाही.

पुढचं सगळं सहा-आठ जणांचा गट, मुक्काम अलिबागजवळच्या नागावला आणि महिना ऑक्टोबर ते मे असं धरून लिहिलं आहे. काशिदचा किनारा मुद्दाम घेतलेला नाही. तिथली वाळू सुंदर आहे, पण तळ लवकर खोल होतो आणि पाण्याला ओढ असते. ज्यांना अरबी समुद्राची सवय नाही त्यांना पहिल्यांदा तिथे नेऊ नये. जून ते सप्टेंबर समुद्राची सहल काढूच नका. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात आणि त्या दिवसांत पाण्यात उतरायला प्रशासनाची मनाईही असते.

## १. शुक्रवार संध्याकाळ: पहिलं काम भरतीची वेळ

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. घरच्या कॅलेंडरवर तिथी असतेच. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना १५ धरायचं.

समजा शनिवारी दशमी आहे. १० गुणिले पाऊण म्हणजे साडेसात. सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती, तिथून साधारण सहा तासांनी, म्हणजे पावणेदोनच्या आसपास पूर्ण ओहोटी, आणि रात्री आठला पुन्हा भरती. दुसऱ्या दिवशी सगळं सुमारे ५० मिनिटं पुढे सरकतं.

हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून मोबाइलवर मुंबई किंवा अलिबागच्या भरती-ओहोटीचं कोष्टक उघडून पडताळून घ्या. मग हिशेब कशाला, असं कुणी विचारेल. कोष्टक बघताना तारीख चुकते, सकाळ-संध्याकाळची गल्लत होते. पाऊणचा हिशेब डोक्यात असला की चूक लगेच दिसते.

आता यावरून पाण्यात उतरायची वेळ ठरवायची. चढत्या पाण्यात उतरायचं, उतरत्या पाण्यात नाही. ओहोटी लागली की पाणी माणसाला आत नेतं आणि कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्याला ते कळतही नाही. म्हणजे पूर्ण ओहोटीनंतर अर्ध्या-पाऊण तासापासून पुढचे अडीच-तीन तास आपले.

- अष्टमीच्या आसपास: दुपारी बाराला ओहोटी. शनिवारी एक ते चार पाण्यात.
- दशमी ते द्वादशी: शनिवारी दशमीला अडीचनंतरचा, द्वादशीला चारनंतरचा वेळ. सहलीला हे दिवस सगळ्यांत सोयीचे.
- पौर्णिमा किंवा अमावास्या: सव्वाअकरा-बाराला भरती, म्हणजे शनिवारची सबंध दुपार उतरतं पाणी, शिवाय उधाण. शनिवारी नुसतं किनाऱ्यावर चाला आणि रविवारी सकाळी सात ते दहा पाण्यात उतरा.

तपासा: दोन्ही दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहून ग्रुपवर टाकल्या का? त्या पडल्याशिवाय खोलीला फोन करू नका.

## २. खोली: फोनवर पहिला प्रश्न सी फॉर्मचा

सगळ्यांत जास्त लोक इथेच अडकतात. परदेशी नागरिक उतरला की त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारी यंत्रणेला ऑनलाइन कळवणं हे जागा देणाऱ्यावर बंधनकारक आहे. याला सगळे सी फॉर्म म्हणतात. त्यासाठी मालकाची आधी नोंदणी असावी लागते. अलिबाग पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये घरगुती खोल्या देणाऱ्या अनेकांची ती नसते, कारण त्यांच्याकडे परदेशी पाहुणा कधी आलेलाच नसतो. ऑनलाइन आरक्षण करताना हे कुठेच दिसत नाही. पैसे भरले जातात आणि दारात पासपोर्ट पाहिल्यावर मालक हात जोडतो. त्याचंही चुकत नाही, न कळवल्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

म्हणून ऑनलाइन जागा शोधा, पण पैसे भरण्याआधी फोन करा. बोलणं साधारण असं ठेवा:

"नमस्कार काका, उद्या एक रात्र आठ जणांसाठी खोल्या हव्या होत्या. आमच्यात तीन परदेशी विद्यार्थी आहेत, मुंबईतच शिकतात. तुमच्याकडे सी फॉर्म भरला जातो ना?"

उत्तर "हो" असेल तरच पुढे बोला. "या हो, बघू आल्यावर" हे उत्तर नकार समजा. आर्जव करून, "कुणाला कळणार आहे" म्हणून खोली मिळवू नका. उद्या चौकशी झाली तर त्रास त्या काकांना आणि तुमच्या मित्राच्या व्हिसाला, दोघांनाही होतो.

त्याच फोनवर आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. मुलगे-मुली एकत्र आहेत, वेगवेगळ्या खोल्यांत राहतील, ते चालेल का? जेवण घरचं मिळेल का आणि किती वाजेपर्यंत सांगायचं? आंघोळीला, खारं पाणी धुवायला बाहेर नळ आहे का? तिसरा प्रश्न किरकोळ वाटेल, पण वाळूचे पाय घेऊन आठ जण घरात शिरले की घरच्या काकूंना दिवसभर झाडत बसावं लागतं.

कागद शुक्रवारीच जमवा:

- परदेशी मित्रांचा मूळ पासपोर्ट. नुसता मोबाइलमधला फोटो घेऊन निघू नये.
- पासपोर्टचं पहिलं पान, व्हिसाचं पान आणि परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडून मिळालेला राहण्याचा परवाना, या तिन्हींची छापील प्रत.
- कॉलेजचं ओळखपत्र.
- बाकीच्यांचं आधार किंवा वाहन परवाना.

सावध: पासपोर्टचे फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकू नका. ज्याचा त्याने थेट मालकाच्या नंबरवर पाठवावा. आणि हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी बाहेरगावी जात असल्याची नोंद वॉर्डनकडे शुक्रवारीच करावी. परदेशी विद्यार्थ्याचा रात्रभर पत्ता नसला की कॉलेजात वेगळीच धावपळ होते.

## ३. जायचं कसं

तीन वाटा आहेत आणि प्रत्येकीची आपली एक खोच आहे.

गेटवेहून मांडवा ही बिनगाडीवाल्यांची वाट. तासाभराच्या आत मांडवा येतं, आणि तिथून अलिबागपर्यंतची बस बऱ्याच लाँच कंपन्यांच्या तिकिटातच धरलेली असते. ती बस आपल्याच कंपनीची पकडायची असते आणि चढताना तिकीट दाखवावं लागतं. त्यामुळे बोटीतून उतरताना तिकीट फेकू नका. आठ जणांची तिकिटं एकाच्याच खिशात आणि तो दुसऱ्या बसमध्ये, हे तर अजिबात नको. ज्याचं तिकीट त्याच्याजवळ.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते. ती २०२० मध्ये सुरू झाली, गाड्या आणि दुचाकी दोन्ही नेते. डॉकयार्ड रोड स्टेशनवरून धक्का जवळ पडतो. शनिवारी सकाळची गाडीची जागा मात्र शुक्रवारी रात्री सहज मिळत नाही, आधी ऑनलाइन बघा. गाडी असेल तर धक्क्यावर बरंच आधी पोचा.

रस्त्याने जायचं तर पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग. दुचाकीवाल्यांनी लक्षात घ्या: जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. नकाशा तिकडून वाट दाखवेल, ती गाडीची असते. गाडी नसेल तर पनवेल एसटी स्टँडवरून अलिबागच्या गाड्या असतात. ही वाट लांबची, पण बोटी बंद झाल्या किंवा भरल्या तर हीच उपयोगाची. ती सगळ्यांना माहीत असू द्या.

माझं मत: गटात पहिल्यांदा येणारे असतील तर जाताना बोट आणि येतानाही बोटच. वडखळचा रस्ता रविवारी संध्याकाळी तुंबतो आणि सहलीची सगळी मजा त्यात जिरते.

तपासा: परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ किती, आणि त्याआधीची किती? दोन्ही लिहा. बेत "त्याआधीच्या" बोटीचा करा.

## ४. पिशवी आणि पैसे

इथे फार सांगण्यासारखं नाही. एक पाठपिशवी, दोन जोड कपडे, टॉवेल, टोपी, पट्ट्याची चप्पल, पाण्याची बाटली, डासांसाठी मलम. नारळ-सुपारीच्या वाडीत संध्याकाळी डास असतातच. गोऱ्या कातडीच्या मित्रांना सनस्क्रीन आठवणीने घ्यायला लावा, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर ते पुन्हा लावायचं असतं हेही सांगा. ओआरएसची चार पाकिटं, बँडेज, जंतुनाशक, आणि ज्याची त्याची नेहमीची औषधं.

पैशांचं मात्र नीट बघा. ज्या परदेशी विद्यार्थ्यांचं इथल्या बँकेत खातं नाही त्यांचं यूपीआय सहसा चालत नाही, आणि वाडीतल्या खानावळीत कार्ड घासायचं मशीन असेलच असं नाही. एकाने सगळ्यांचे पैसे धरावेत आणि शुक्रवारीच मुंबईत रोख काढून ठेवावी. पाचशेच्या नोटा घेऊन शहाळेवाल्यापुढे उभं राहू नका, सुटे ठेवा.

## ५. शनिवार: धक्क्यापासून वाडीपर्यंत

गेटवेवर सामानाची तपासणी होते, रांगेला वेळ लागतो. बोटीच्या वेळेआधी पाऊण तास तिथे असा.

बोटीत बसल्यावर लाइफ जॅकेट घाला आणि पट्टे आवळा. खांद्यावर नुसतं टाकलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर अंगातून वर निघून जातं. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाच्या बोटीची धडक बसली आणि माणसं दगावली. तेव्हापासून याबाबत कडक सूचना आहेत. सूचना कुणी दिली नाही तरी जॅकेट मागून घ्या.

अलिबागला उतरलात की एसटी स्टँडवरून नागाव-रेवदंड्याकडे जाणारी एसटी किंवा शेअर रिक्षा घ्या. नागाव तिथून सुमारे नऊ किलोमीटर. रिक्षात बसण्याआधी भाडं विचारा, आणि विचारायला मराठी बोलणाऱ्याला पुढे करा.

वाडीत पोचल्या पोचल्या आधी कागद द्या, सी फॉर्मचं काम उरकू द्या, मग समुद्र. दुपारचं जेवण निघताना फोनवर सांगितलेलं असावं. घरगुती खानावळीत मासळी आणि भाकऱ्या माणसं मोजून करतात, दीड वाजता आठ जण दारात उभे राहिले तर त्यांनी काय वाढायचं? आधी विचारून घ्या, कुणाला कोलंबी-चिंबोरीची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, कोण शाकाहारी आहे, कुणाला तिखट सोसत नाही. ओलं खोबरं इथे जवळपास प्रत्येक पदार्थात असतं, सोलकढीत तर नारळाचं दूधच असतं. नारळ चालत नसेल तर ते सकाळीच सांगायचं. प्यायला उकळलेलं किंवा बाटलीचं पाणी. किनाऱ्यावरचा बर्फाचा गोळा पहिल्यांदा आलेल्यांना देऊ नका.

## ६. पाण्यात उतरणं

सगळ्यांत आधी गावातल्या माणसाला विचारा. बोटवाला, घोडागाडीवाला, होड्या ओढणारे कोळी, कुणीही. "दादा, आता पाणी चढतंय की उतरतंय? कुठे उतरू नये?" तुमच्याकडे कोष्टक असलं तरी विचारा. खड्डा कुठे पडलाय, ओढ कुठे आहे, हे कोष्टकात नसतं.

मग क्रम असा:

1. दोघांनी कोरडं राहायचं. ते मोजदाद करतील, मोबाइल-पासपोर्ट सांभाळतील. अर्ध्या तासाने बदली.
2. जोड्या लावा. ज्याची जोडी बाहेर, तोही बाहेर.
3. कंबरेच्या वर पाणी नको. "मी पोहण्यात पटाईत आहे" म्हणणाऱ्यालाही हाच नियम. तलावात आणि शांत समुद्रात शिकलेलं पोहणं इथल्या गढूळ, ओढीच्या पाण्यात तसंच उपयोगी पडत नाही.
4. पाय ओढला जातोय असं वाटलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही. तरंगत राहून किनाऱ्याला समांतर जायचं, ओढ संपली की किनाऱ्याकडे वळायचं, हात वर करून हाक मारायची.
5. कोष्टकाप्रमाणे भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधी सगळे बाहेर.

पाचवा नियम कुणी पाळत नाही. पाणी जोरात असतं तेव्हाच मजा येते, म्हणून शेवटची दहा मिनिटं वाढत जातात आणि ओहोटी लागते. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले. दिवस होता, सोबत मित्र होते, किनाऱ्यावर माणसंही होती. परदेशातून आलेल्या मित्रांना हे पाण्यात उतरण्याआधी त्यांच्या भाषेत, स्पष्ट शब्दांत सांगा.

मदत लागली तर ११२, रुग्णवाहिकेला १०८, समुद्रातल्या बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४. तिन्ही नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

बनाना राइड वगैरे करायची असेल तर भाव आधी ठरवा आणि जॅकेट अंगाला बसतंय का ते ओढून बघा. मुद्दाम बोट उलटवू नका, असं चालकाला आधी सांगा. ज्याला पोहता येत नाही त्याला ती गंमत वाटत नाही.

सावध: परदेशी मैत्रिणींभोवती फोटो मागणाऱ्यांची गर्दी जमते, काही जण न विचारता काढतात. तिला एकटीला उत्तर द्यायला लावू नका. गटातल्या कुणीतरी पुढे होऊन शांतपणे "नको दादा, फोटो नको" म्हणायचं, आणि गर्दीच्या जागेपासून बाजूला सरकायचं. पाण्यात कोणते कपडे घालायचे हे तिचं तिने ठरवायचं. इथे लोक कसे बघतात हे मात्र तिला आधी सांगून ठेवा.

आणखी एक. गाडी वाळूत नेऊ नका. ओहोटीत घट्ट वाटणारी वाळू पाणी चढलं की चाकाखालून निघून जाते.

## ७. कुलाबा किल्ला: वेळ जमली तरच

अलिबागच्या किनाऱ्यासमोरचा किल्ला ओहोटीत चालत किंवा घोडागाडीने गाठता येतो. लोक ओहोटी लागल्यावर निघतात ते बरोबर, पण परतायची वेळ विसरतात आणि किल्ल्यावर अडकून पडतात.

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी किनारा सोडा. पूर्ण ओहोटीच्या वेळी किल्ल्यातून परत निघा. बघून झालं नसेल तरी निघा. अष्टमीच्या आसपास भांगाची ओहोटी असते, पाणी पुरतं हटत नाही आणि वाटेत गुडघ्यापर्यंत लागू शकतं. तेव्हा चालत जाण्याचा हट्ट नको. वाटेतल्या खडकांवर कालवं असतात, अनवाणी पाय चिरतो.

परदेशी नागरिकांना तिकीट भारतीयांपेक्षा बरंच जास्त असतं. हे तिथे पोचून कळलं तर वाईट वाटतं, आधी सांगा.

## ८. संध्याकाळ

सूर्य मावळल्यावर पाण्यात कुणीही नाही. यात सूट नाही.

दारूबद्दल परदेशी मित्रांचा मोठा गैरसमज असतो, कारण अनेकांच्या देशात अठराव्या वर्षी सगळं चालतं. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं आणि इतर मद्यासाठी २५. किनाऱ्यावर उघड्यावर पिणं गुन्हा आहे. पोलिसांनी पकडलं तर इथल्या मुलाच्या घरी फोन जातो, परदेशी मुलाची थेट पासपोर्टवरून चौकशी सुरू होते. आणि प्यालेल्याला रात्री समुद्राची हाक येतेच. होमस्टेच्या काकांना चालत नसेल तर विषय तिथेच संपवा.

## ९. रविवार आणि परतल्यावर

सकाळी चढतं पाणी असेल तर एक फेरी, आंघोळ, आंबोळी किंवा घावणे, आणि जेवून निघायचं. मांडव्याची बस अलिबागहून सुटते आणि रविवारी दुपारनंतर ती भरते. परतीचं तिकीट शनिवारीच काढता येत असेल तर काढून ठेवा. नागावहून निघताना बोटीच्या वेळेआधी दोन तास हातात ठेवा.

खोली सोडताना पासपोर्ट मोजा. उशीखाली आणि चार्जरजवळ बघा. प्लास्टिकच्या बाटल्या, पिशव्या वाडीत टाकून येऊ नका.

परतल्यावर हिशेब रविवारी रात्रीच मिटवा.

कुणाला किनाऱ्यावरच्या कुत्र्याने चावलं किंवा नुसतं ओरबाडलं असेल, तर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. अलिबागला जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, मुंबईला पोचेपर्यंत थांबू नका. अनेक देशांत रेबीज जवळपास नाहीच, त्यामुळे परदेशी मित्र ते हसण्यावारी नेतात. त्यांना सोबत घेऊन जा. कालवाने कापलेला पाय दुसऱ्या दिवशी सुजला, लाल झाला तर डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते सांगा. पुढच्या डोसच्या तारखा ज्याला चावलं त्याच्या फोनमध्ये तर टाकाच, गटातल्या एका इथल्या मित्राच्या फोनमध्येही टाका.